आठ महिने आयरॉनिकचा एजंट वापरून: जुन्या सर्व्हरवाल्यांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं सर्व्हर रूम आहे. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांचा स्टॉक आणि बिलिंग तिथल्या अकरा सर्व्हरवर चालतं. सगळी मशीनं सेकंडहँड. गिऱ्हाईक बदललं की पूर्वी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन रॅकसमोर बसायचो, डिस्क पुसायचो, लिनक्स टाकायचो. एका कारखानदाराचे दर दुसऱ्याच्या हाती लागले तर, ही धास्ती कायम असायची.

आता हे काम आयरॉनिककडे दिलंय. ओपनस्टॅक या क्लाउड उभारायच्या मोफत सॉफ्टवेअरचा, खरे सर्व्हर सांभाळणारा हा भाग. अख्खं ओपनस्टॅक लागत नाही, बायफ्रॉस्ट नावाच्या साधनाने नुसतं आयरॉनिक बसवता येतं. सर्व्हर नेटवर्कवरून बूट होतो, मेमरीत छोटं लिनक्स चढतं आणि त्यात पायथनमध्ये लिहिलेला एजंट उठतो. तो आयरॉनिकला हजेरी देतो आणि ९९९९ पोर्टवर हुकमाची वाट बघतो. तोवर डिस्कला हातही लागलेला नसतो.

लोक इन्स्टॉलेशनचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरं मोल क्लीनिंगचं, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाआधी डिस्क पुसण्याचं आहे. यात दोन पायऱ्या नीट समजून घ्या. मेटाडेटा पुसणारी पायरी चुटकीसरशी होते, पण ती फक्त पार्टिशनची माहिती उडवते, आतला डेटा तसाच राहतो. पूर्ण पुसायचं तर एजंट आधी डिस्कचं स्वतःचं सिक्युअर इरेज करून बघतो. ते नसेल तर श्रेड ही डिस्कवर नवं लिहून जुनं मिटवणारी कमांड चालवतो, एकदा रँडम आणि मग शून्यं. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने धरली तरी साधारण १५ तास जातात. आम्ही ते रात्रभर चालू देतो. घाई असली तरी गिऱ्हाइकाची डिस्क नुसत्या मेटाडेटावर सोडायची नाही, हा आमचा नियम.

एजंटमध्ये आपला हार्डवेअर मॅनेजर, म्हणजे आपल्या मशीनसाठीचा जादा कोड घालता येतो, यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. पायथनचा एक क्लास लिहायचा, या मशीनवर आपण लागू आहोत का ते सांगायचं आणि आपल्या पायऱ्यांची यादी द्यायची. प्रायॉरिटी शून्य ठेवली तर ती पायरी आपोआप चालत नाही, आपण सांगितलं तरच चालते. मी डिस्कचे खराब सेक्टर मोजणारी पायरी लिहिली. आकडा हद्दीबाहेर गेला की ती एरर देते, नोड (आयरॉनिकच्या भाषेत सर्व्हर) 'क्लीन फेल्ड' अवस्थेत अडकतो आणि ती डिस्क गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. सेकंडहँड माल घेणाऱ्यांनी एवढं तरी कराच.

मे महिन्यात मात्र चांगलाच घाम निघाला. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती, यूपीएसही संपला. वीज आल्यावर तीन सर्व्हर 'क्लीन वेट'मध्ये, म्हणजे एजंटच्या हजेरीची वाट बघत थांबले आणि ३० मिनिटांनी फेल झाले. केबल बदलली, स्विच बदलला, काही फरक नाही. शेवटी मॉनिटर जोडला तर लॉगमध्ये तारीख १ जानेवारी २०१०! मदरबोर्डची बॅटरी मेलेली, घड्याळ मागे गेलेलं. आम्ही एचटीटीपीएस वापरत असल्याने एजंटच्या लेखी सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नव्हतं, मग हजेरी पोचणार कशी? नवी पेठेतल्या घड्याळाच्या दुकानातून सीआर२०३२ च्या अकरा बॅटऱ्या आणल्या. शिवाय कर्नल पॅरामीटरमध्ये (लिनक्सला बूट होताना दिलेल्या सूचनांत) 'आयपीए-एनटीपी-सर्व्हर' घालून वेळ सांगणारा सर्व्हर दिला, म्हणजे एजंट उठल्या उठल्या वेळ जुळवून घेतो. रॅमडिस्कमध्ये, म्हणजे मेमरीत चढणाऱ्या त्या छोट्या लिनक्समध्ये, क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम आहे ना, तेवढं तपासा.

शिकायला वेळ लागतो. नोडच्या अवस्थाच इतक्या आहेत की पहिला महिना मी त्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवून ठेवला होता. दोन-तीन सर्व्हर असतील तर पेनड्राइव्हच बरा. आठ-दहाच्या वर गेलात, त्यातही मशीनं हात बदलत असतील, तर बिनधास्त घ्या. अपाचे लायसन्स आहे, पैसे लागत नाहीत. कोड बदलून पाठवायचा तर गेरिट या कोड तपासायच्या साइटवर रिव्ह्यू होतो आणि सोबत टेस्ट मागतात. माझी सेक्टरची पायरी आमच्या मशीनपुरतीच आहे. तिच्या टेस्ट लिहून झाल्या की तीही पाठवणार आहे.