पाचव्याचं काय करायचं? छोट्या कट्ट्यासाठी खेळ निवडताना

आठ जणांना निरोप जातो, सहा जण 'येतो' म्हणतात आणि साडेसातला गच्चीवर पाचच टाळकी जमलेली असतात. सांगली असो की मिरज, कट्ट्याचा हा हिशेब काही चुकत नाही. म्हणून भारी खेळ कुठला याच्या वादात पडण्याआधी दोन गोष्टी बघा: डोकी किती आहेत, आणि ज्याला बाहेर बसावं लागेल तो किती वेळ बसणार. बाहेर बसलेल्याने मोबाइल काढला की दहा मिनिटांत दुसऱ्याचाही निघतो, मग खेळ कितीही चांगला असो.

बरोबर चौघे: कॅरम की मेंढीकोट

कॅरमचं सगळं यश बोर्डावर आहे. नियमाचा मोठा बोर्ड आतून ७४ सेंटिमीटर चौरस असतो. पोरांसाठी मिळणाऱ्या छोट्या बोर्डावर मोठ्यांचा स्ट्रायकर फिरत नाही, हात मात्र एकमेकांवर आपटतात. खेळायला बसण्याआधी मधोमध एक काचेची गोटी ठेवा. ती ज्या कोपऱ्याकडे गडगडेल त्या बाजूला खाली वर्तमानपत्राची घडी सारा. पावडर चिमूटभर, तीही कोरड्या फडक्याने पसरलेली. जास्त झाली की स्ट्रायकरपुढे तिचा ढीग साचतो आणि कट मारलेली सोंगटी वाटेतच थबकते. अंगाला लावायची पावडर वापरू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. बोरिक पावडर चांगली, पण ती पोटात जाता कामा नये, तेव्हा खाण्याआधी हात धुवायचे. दिवा बोर्डाच्या बरोबर वर हवा. कोपऱ्यातल्या ट्यूबच्या उजेडात एका जोडीच्या हाताची सावली कायम भोकावर पडते.

९ पांढऱ्या, ९ काळ्या, एक राणी. एका बोर्डात, म्हणजे एका डावात, जास्तीत जास्त १२ गुण (९ सोंगट्या आणि राणीचे ३), म्हणजे २५ गुणांच्या गेमला किमान तीन बोर्ड लागतात. हौशी मंडळींना तर सात-आठ सहज, आणि तेवढ्यात तासभर जातो. पाचवा कुणी असेल तर २५ गुणांचा गेम लावूच नका. बोर्ड संपला की हरलेल्या जोडीतला एक उठेल आणि पाचवा बसेल, असं आधीच बोलून ठेवा.

मेंढीकोटला लागतात ५२ पानं आणि एक सतरंजी. समोरासमोर जोडीदार, प्रत्येकी १३ पानं आणि लक्ष चार दश्श्यांवर. तीन दश्श्या ज्यांच्याकडे त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे ते जिंकले. चारही एकीकडे गेल्या की मेंढीकोट. नवशिक्यांसाठी बंद (आधीच झाकून ठेवलेल्या) हुकमापेक्षा कट हुकूम बरा: आलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. चूक नेमकी इथेच होते. रंग संपल्याच्या आनंदात हाताला येईल ते पान टाकलं जातं आणि दोनच पानं असलेला रंग हुकूम होऊन बसतो. किमान चार पानं असलेलाच रंग हुकूम करा. दुसरी चूक दश्शीची. दश्शी गुलामालाही हरते, त्यामुळे तिने उतारी करणं, म्हणजे हाताची सुरुवात करणं, म्हणजे ती दान करणं. जोडीदाराचा एक्का पडला आहे, मागे कापणारा कुणी उरलेला नाही, अशा हातावर ती सोडायची.

भांडण मात्र याच खेळात जास्त होतं: एक भुवयांच्या खुणांवरून, आणि दुसरं रंग हातात असून कापल्यावरून. दुसऱ्यासाठी शिक्षा आधीच ठरवा. तो डाव समोरच्यांना देऊन टाकणं सगळ्यात सुटसुटीत. पत्त्यांचा जोड जुना असेल तर पानं उलटी पसरून बघा. कोपरा दुमडलेली बदामाची दश्शी पाठीमागूनही ओळखू येते, आणि ती कोणाच्या हातात आहे हे तिघांना माहीत असेल तर खेळण्यात अर्थ नाही.

दोन्हींतलं एक निवडायचं तर मेंढीकोट. गप्पा चालू राहतात, आणि सहावा आला तर चार दुर्र्या काढून ४८ पानांत प्रत्येकी आठ पानं वाटून तीन-तीन जणांचा डाव लगेच बसतो. कॅरमला ही सोय नाही. पण कट्ट्यात दोघे कमी बोलणारे असतील तर कॅरम लावा, त्यात बोलावं लागत नाही.

एक सूचना दोन्ही खेळांना लागू: भडंग लांब ठेवा. सांगलीत बैठक म्हटली की भडंग येणारच, पण त्याचं तेल-तिखट बोटांवरून पानांवर जातं, पानं चिकटतात आणि वाटताना एकाला चौदा जातात. बोर्डावर तेलाचा एक ठिपका पडला तरी त्या पट्ट्यात पावडर चिकटून बसते. वाट्या आणि चमचे द्या.

सात-आठ जण: माफिया की दमशेराज

माफियाचा उगम १९८०च्या दशकातल्या मॉस्कोतला, पण आपल्या राजा-प्रधान-शिपाई-चोरच्या चिठ्ठ्या ज्यांनी उघडल्या आहेत त्यांना तो पाच मिनिटांत समजतो. एक निवेदक, बाकीच्यांना चिठ्ठ्या: माफिया, डॉक्टर, पोलीस, उरलेले गावकरी. रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे. माफिया एकाला उडवतो, डॉक्टर एकाला वाचवतो, पोलीस एकाबद्दल 'हा माफिया का?' असं विचारतो. दिवसा चर्चा, मतदान आणि एकाची हकालपट्टी. माफिया आणि बाकीचे संख्येने सारखे झाले की माफिया जिंकले.

माफिया किती ठेवायचे, यावर सगळं अवलंबून. निवेदक सोडून सात जण असताना दोन माफिया ठेवले, तर पहिल्या रात्री सहा उरतात, दिवसा चुकीचा माणूस काढला की पाच, आणि दुसऱ्या रात्रीनंतर दोनास दोन: खेळ खलास. डॉक्टरने कुणाला वाचवलं नाही, तर गावाला एक चूकसुद्धा परवडत नाही. एकच माफिया ठेवा, म्हणजे गावाला दोन वेळा मतदान करायला मिळतं आणि संशय मुरायला वेळ राहतो. दोन माफिया नऊ-दहा जणांतच. आणि पाच जणांत हा खेळ लावूच नका: एक निवेदक झाला की उरले चार, पहिल्याच मतदानात सगळा निकाल.

याची खरी खोट म्हणजे पहिल्या रात्री उडालेला माणूस. त्याने तोंडही उघडलेलं नसतं आणि त्याला वीस मिनिटं गप्प बसायचं असतं. उपाय सोपा: पहिल्या रात्री कुणी मरत नाही असं ठरवा.

दमशेराजमध्ये (न बोलता हावभाव करून सिनेमाचं नाव ओळखायला लावायचं) हा प्रश्नच नाही, सगळे सतत ओरडत असतात. तीन-चार जणांचे दोन गट, प्रत्येक पाळीला दोन मिनिटं. तो फसतो फक्त एका कारणाने: समोरचा गट कोपऱ्यात जाऊन 'अवघड नाव' शोधण्यात पाच-पाच मिनिटं घालवतो. सुरुवातीलाच प्रत्येक गटाने दहा नावांच्या चिठ्ठ्या लिहून वाटीत टाकायच्या, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. शेजारी झोपाळू असतील तर माफिया, नाहीतर दमशेराज. मंडळी नुकतीच ओळखीची झाली असतील तरीही दमशेराजच, कारण अनोळखी माणसावर खोटारडेपणाचा आरोप करायला जीभ रेटत नाही.

भेंड्या कुठेही चालतात. फक्त 'ळ' आला तर 'ल' आणि 'ण' आला तर 'न' घ्यायचा, हे आधी ठरवा.

मैदानात जायचं असेल तर

बॉक्स क्रिकेटचं टर्फ तासाच्या भाड्याने मिळतं, आणि दहाच्या खाली माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला भाडंही जास्त आणि पळापळही. सहा-आठ जणांना लगोरी पुरते. शहाबादी फरशीचे सात तुकडे घ्या, सगळ्यात खालचा वीतभर रुंद, वरचे उतरते, कडा घासलेल्या. पंधरा पावलांवरून तीन नेम. चेंडू टेनिसचा; रबरी चेंडू पाठीत बसला की दोन दिवस आठवण राहते. उन्हाळ्यात सहाच्या आधी मैदानात उतरू नका.

आणि पाचच आले तर

जजमेंट. पाच जणांना प्रत्येकी दहा पानं, उरलेली दोन बाजूला. पहिला डाव दहा पानांचा, मग नऊ, आठ, असं एका पानापर्यंत. हुकूम इस्पिक, चौकट, किलवर, बदाम याच क्रमाने फिरतो. पानं बघून प्रत्येकाने आपण किती हात करणार ते सांगायचं. तेवढेच झाले तर १० अधिक बोललेले हात. एक जास्त झाला तरी शून्य. तीन बोलून तीन केले की १३. सगळा रस शेवटच्या बोलणाऱ्यात आहे: सगळ्यांची बेरीज डावातल्या हातांइतकी होईल असा आकडा त्याला बोलता येत नाही. दहा पानांच्या डावात आधीच्या चौघांची बेरीज आठ असेल, तर पाचव्याला दोन बोलायला बंदी. त्यामुळे प्रत्येक डावात कुणीतरी बुडणारच.

पाच जणांत सगळे मिळून ५५ हात होतात, साधारण तासाभराचा खेळ. सहा असतील तर आठ पानांपासून सुरू करा, ३६ हात; सात असतील तर सात पानं, २८ हात. म्हणजे माणसं वाढली तरी खेळ लांबत नाही. आठ किंवा कमी पानांचा डाव चालू असताना सहावा उगवला, तर पुढच्या डावापासून सगळ्यात कमी गुणांवर त्याला घेता येतं. चौघांनाही चालतो, पण १३ पानांपासून धरला तर ९१ हात होतात, आठपासून धरा. तिघेच उरले तर पाच-तीन-दोन आहेच.

वहीतल्या आकड्यांवरून 'मी दोन म्हणालो होतो' असा वाद हमखास होतो. म्हणून जितके हात बोललात तितके चिंचोके समोर मांडा आणि हात झाला की एक आत ओढा. चिंचोकेच घ्या. तासगावचे बेदाणे घरात असतील तरी ते मांडू नका, चौथ्या डावापर्यंत कुणाचे तरी दोन हात पोटात गेलेले असतात.