क्रूझच्या कागदावरचं ‘रोम’ प्रत्यक्षात कुठे असतं?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम : सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ असं ठळक छापलेलं असतं. शेजारी बारीक अक्षरात चिव्हितावेक्किया हे नाव असतं आणि ते वाचायचं राहून जातं. जहाज लागतं ते याच बंदरात. तिथून रोम ७० ते ८० किलोमीटर दूर आहे. बारा तास रोममध्ये मिळणार या हिशेबाने लोक पैसे भरतात, पण ते बारा तास बंदरातले असतात.

खरा हिशेब असा. जहाजातून उतरायलाच अर्धा-पाऊण तास जातो. बंदर अवाढव्य आहे, म्हणून बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर यायचं. तिथून दुसऱ्या बसने रेल्वे स्टेशन. साधी गाडी रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनला सव्वा तासाच्या आसपास पोहोचते. म्हणजे दहा वाजत आले. परतताना जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी आत असावं लागतं, म्हणून साडेतीनच्या सुमारास परतीची गाडी धरावी लागते. हातात उरतात जेमतेम साडेपाच-सहा तास. त्यात कोलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालय दोन्ही आतून बघून होतील असं कुणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. व्हॅटिकन बघायचं असेल तर तेर्मिनीपर्यंत जाऊच नका; आधीच्या सान पिएत्रो स्टेशनवर उतरा, सेंट पीटर्सचा चौक तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

जहाजावर विकली जाणारी ‘पॅनोरॅमिक रोम’ सहल घेण्याआधी तिचा तपशील शब्द न शब्द वाचा. पॅनोरॅमिक म्हणजे बसच्या काचेतून. त्यातही 2019 पासून रोमच्या ऐतिहासिक मध्यभागात पर्यटक बसना जवळपास बंदी आहे, त्यामुळे काचेतूनही फार काही जवळून दिसत नाही. ‘ऑन युवर ओन’ लिहिलं असेल तर ती फक्त जाण्यायेण्याची बस. गाइड नाही, प्रवेश नाही.

बंदराबाहेर ‘आज रेल्वेचा संप आहे’ म्हणत टॅक्सीवाले गाठतात. इटलीत संप होतात हे खरं, म्हणून थाप खपते. पण संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या संपातही चालवाव्या लागतात. स्टेशनवर जाऊन स्वतः बोर्ड बघा. टॅक्सी करायचीच असेल तर भाडं माणशी की गाडीचं, एकवेळचं की दोन्ही वेळचं, हे कागदावर लिहून घ्या आणि परतीचे पैसे परत आल्यावरच द्या. आधी दिले की गाडीवाला दुपारी येईलच याची खात्री उरत नाही.

रोममध्ये ‘स्किप द लाइन’, म्हणजे रांग टाळून आत नेणारी तिकिटं, विकणारे कोलोसियमपाशी घोळक्याने असतात. कोलोसियमचं तिकीट 2023 पासून नावाचं आणि ठरलेल्या वेळेचं असतं. ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. सेंट पीटर्स बॅसिलिकात, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये, प्रवेश मोफत आहे, तरी बाहेर त्याचंही ‘तिकीट’ गळ्यात मारतात. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतं. जहाज रविवारी लागणार असेल तर बुकिंगआधीच हे बघायला हवं. मनगटाला दोरा बांधू पाहणाऱ्याला हातच पुढे करू नका. एकदा गाठ बसली की पैसे दिल्याशिवाय तो सोडत नाही.

जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. काही जहाजांवर पासपोर्ट कर्मचाऱ्यांकडे जमा असतो. म्हणून उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, थोडे युरो आणि जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, नंबर खिशात ठेवा. जहाज सुटलं तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो.