रंकाळ्याजवळची शाळा: मधल्या सुट्टीसाठी पाच स्टार

पोराला जूनमध्ये या शाळेत घातलं, आता सहा महिने झाले म्हणून लिहितेय. आधीच्या शाळेत मधली सुट्टी १५ मिनिटं, ती पण बाकावरच बसून डबा खायचा, आणि गृहपाठ राहिला की तीही बंद, पोरगं घरी यायचं ते चिडलेलंच आणि चपाती अर्धी तशीच परत. इथं डब्याला २० मिनिटं वेगळी, खेळायला ३० मिनिटं वेगळी, आणि बाई कुणाचीच सुट्टी शिक्षा म्हणून कापत नाहीत, हे मला लई आवडलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ सालीच सांगितलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी काढून घेऊ नका. आपल्याकडं पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय की.

एकदा फी भरायला गेले तेव्हा बघितलं, फरशीच्या तुकड्यांची लगोरी रचलेली, आणि दोन पोरींचं आउट का नॉट आउट वरनं जोरात भांडण, बाई लांबनं बघत उभ्या, मधे पडल्या नाहीत, दोन मिनिटांत त्यांचं त्यांनीच मिटवलं आणि डाव परत सुरू. हे कुठल्या पुस्तकातनं शिकवणार सांगा!

तक्रार एकच, पावसाळ्यात मैदानात चिखल होतो मग सगळी पोरं हॉलमध्ये कोंबतात, तिथं जागा पुरत नाही, त्याचं शाळेनं खरंच काहीतरी बघावं. युनिफॉर्म रोज मळतो पण डबा मात्र रिकामा येतो. धाकटीचा फॉर्म पण इथंच भरणार आहे.