मामांच्या दुकानात ग्नू रीडलाइन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या सियागंजात माझ्या मामांचे किराण्याचे घाऊक दुकान आहे, आणि तेथील मालाची आवक-जावक नोंदवण्यासाठी मी सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम लिनक्सच्या टर्मिनलमध्ये दिवसभर चालू असतो. गेल्या सहा महिन्यांपासून त्यात कीबोर्डवरची ओळ वाचण्याचे काम ग्नू रीडलाइन या लायब्ररीकडे (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाकडे) आहे. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेली आणि पुढे चेट रेमी यांनी सांभाळलेली ही लायब्ररी बॅश शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून रोज जाते.

ती घ्यावी लागली एका फजितीमुळे. मामांनी ‘साबुदाणा २५’ एवढे टाइप करून, एंटर दाबण्याआधी, खिडकी जरा मोठी केली; त्यासरशी प्रोग्राम बंद पडला आणि ती अर्धी ओळ शेलच्या प्रॉम्प्टवर जाऊन बसली. “मी नुसती खिडकी ओढली रे, तुझं दुकान का बंद झालं?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

दोष माझाच होता. टर्मिनलचा आकार बदलला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोग्रामला सिगविंच हा सिग्नल (सूचना) पाठवतो. तो कोणी पकडला नाही तर काहीच बिघडत नाही. परंतु वरची शीर्षपट्टी नव्याने आखता यावी म्हणून मी त्याला हँडलर (सिग्नल आला की चालणारे फंक्शन) जोडला होता आणि तो जोडणाऱ्या सिगअ‍ॅक्शनला एसए रीस्टार्ट हा, मध्येच तुटलेले कॉल आपोआप पुन्हा सुरू करणारा, फ्लॅग दिला नव्हता. त्यामुळे ओळीची वाट पाहत थांबून राहिलेला रीड हा कॉल ईआयएनटीआर (‘सिग्नलने काम मध्येच तुटले’) ही त्रुटी घेऊन परतला, ओळ वाचणाऱ्या एफगेट्स या फंक्शनने नल, म्हणजे ‘काही मिळाले नाही’ असे उत्तर दिले, आणि माझ्या लूपने ‘इनपुट संपले’ असे समजून गाशा गुंडाळला. इनपुट खरेच संपले की त्रुटी आली, हे सांगणाऱ्या एफएररला विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. (बीएसडी युनिक्सने १९८३ मधल्या ४.२ आवृत्तीतच असे कॉल आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय केली होती, ती नेमकी अशाच विसराळू लोकांसाठी.) फ्लॅग लावला असता तर प्रोग्राम तगला असता खरा, पण हँडलरच्या आत पडद्यावर लिहिणारे प्रिंटएफ वापरणे सुरक्षित नसल्याने पट्टी मात्र पुढचे एंटर येईपर्यंत जुन्याच रुंदीची राहिली असती.

रीडलाइनने हे दुखणे पहिल्याच दिवशी घालवले. ओळ वाचत असताना ती सिगविंच स्वतः पकडते, नवी रुंदी विचारून घेते आणि अर्धवट ओळ जशीच्या तशी पुन्हा मांडते. याबद्दल तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

कंट्रोल-सीच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. ही जोडकळ दाबली की प्रोग्रामला थांबवणारा सिग्नल जातो. रीडलाइन टर्मिनल पूर्ववत करून तो सिग्नल प्रोग्रामच्या हँडलरकडे पोचवते, हेही योग्यच आहे. परंतु तो हँडलर नुसता फ्लॅग (‘सिग्नल आला’ अशी खूण) लावून परतला, तर ती तीच ओळ घेऊन पुन्हा वाट पाहत बसते. चुकलेली नोंद टाकून नवी सुरू करावी, ही दुकानातली साधी अपेक्षा त्यातून पुरी होत नाही. म्हणून मी तिच्या कॉलबॅक पद्धतीकडे वळलो, जिथे वाट पाहण्याचे काम आपल्या लूपमधला पोल हा कॉल करतो आणि एखादा वर्ण आला की मगच रीडलाइनला बोलावले जाते. पोल हा एसए रीस्टार्ट असला तरी ईआयएनटीआर घेऊनच परततो, आणि इथे ते पथ्यावरच पडते. दोन गोष्टी मात्र अंगावर येतात. रीडलाइन आत नसताना खिडकी बदलली तर तिला पत्ता लागत नाही, तेव्हा तिचे आरएल रीसाइझ टर्मिनल हे फंक्शन आपणच बोलवावे लागते. आणि फ्लॅग तपासल्यानंतर पण पोल सुरू होण्याआधी सिग्नल आला, तर पुढची कळ दाबेपर्यंत तो तसाच पडून राहतो. ही फट बुजवण्यासाठी मी पोलऐवजी पीपोल (वाट पाहत असतानाच सिग्नल आत येऊ देणारा पोल) घेतला आणि एरवी खिडकीचा व कंट्रोल-सीचा असे दोन्ही सिग्नल अडवून ठेवले. मॅन्युअलमधले सिग्नलचे प्रकरण आधी नीट वाचले असते, तर यातले दोन रविवार वाचले असते.

बंद स्रोताचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी तिचा जीपीएल परवाना (जो वाटलेल्या प्रोग्रामचा स्रोतही खुला मागतो) आधी पाहावा; त्यांना तशी अट नसलेल्या बीएसडी परवान्याची लिबएडिट ही तशीच लायब्ररी सोयीची पडेल. मामांच्या दुकानापुरता तो प्रश्न नाही. आता ते चूक झाली की कंट्रोल-सी दाबतात, ओळ पुसली जाते, आणि नवा प्रॉम्प्ट येईपर्यंत त्यांचा हात पुढच्या पावतीवर गेलेला असतो.