स्वतःचा सर्व्हर की क्लाउड? कोकणातील व्यवसायांसाठी तुलनात्मक आढावा

रत्नागिरी किंवा देवगडच्या आंबा विक्रेत्याला आणि चिपळूणच्या पतसंस्थेला स्वतःचा सर्व्हर घ्यावा की क्लाउडवर जावे हा एकच प्रश्न पडत असला, तरी माझ्या मते दोघांची उत्तरे वेगळी आहेत.

आभासीकरणात हायपरव्हायझर ही प्रणाली एकाच यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देऊन त्यावर अनेक स्वतंत्र आभासी यंत्रे चालवते. हे आपल्या कार्यालयातही करता येते. २००७ पासून लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असलेले केव्हीएम हे हायपरव्हायझर त्यासाठी विनाशुल्क उपलब्ध आहे. क्लाउड याच्या पुढे जातो: असंख्य सर्व्हरांची क्षमता एकत्र करून ती अनेक ग्राहकांना मागणीप्रमाणे दिली जाते आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येत हे एकत्रीकरण क्लाउडच्या पाच आवश्यक लक्षणांपैकी एक मानले आहे.

हापूसच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते मे या काळात, ऑनलाइन मागणी एकदम वाढते. स्वतःचा सर्व्हर त्या गर्दीच्या मापानेच विकत घ्यावा लागतो आणि उरलेले वर्षभर त्याची बरीच क्षमता पडून राहते, कारण आभासीकरण असलेली क्षमता वाटू शकते, वाढवू शकत नाही. क्लाउडवर सगळ्या ग्राहकांची गर्दी एकाच वेळी होत नसल्यामुळे हंगामापुरती यंत्रे वाढवून जूनमध्ये ती कमी करता येतात. मात्र यंत्र नुसते बंद ठेवले, तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे सहसा चालूच राहते, हे बिल तपासताना ध्यानात ठेवावे.

अनेक ग्राहकांत वाटलेल्या या सामाईक क्षमतेचे तोटेही आहेत. क्लाउडवरील काही स्वस्त यंत्रांचा वेग क्रेडिटवर, म्हणजे कमी वापराच्या वेळी जमा झालेल्या प्रोसेसर-वेळेच्या शिलकीवर, अवलंबून असतो आणि ते संपले की ऐन गर्दीत यंत्र मंदावते. म्हणून मागण्यांच्या डेटाबेससाठी स्थिर क्षमतेचेच यंत्र निवडावे. यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या लिनक्समधील टॉप या आज्ञेत ‘एसटी’चा (st, म्हणजे हायपरव्हायझरने आपल्याला न दिलेल्या प्रोसेसर-वेळेचा) आकडा सतत चढा दिसला, तर प्रोसेसरचा वेळ आपल्याला पुरेसा मिळत नाही असे समजावे.

पतसंस्थेचे काम बारमाही आहे आणि पावसाळ्यात इंटरनेटची फायबर तुटली तर क्लाउडवरील, म्हणजे समजा मुंबईच्या डेटा सेंटरमधील, नोंदी सुखरूप असूनही खिडकीवरचा व्यवहार थांबतो. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेले पाणी पाहता तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतला बॅकअप ही जोडी कोणीही स्वीकारू नये. म्हणून विक्रेत्याने क्लाउड घ्यावा. पतसंस्थेने वरच्या मजल्यावर स्वतःचे यंत्र आभासीकरणासह चालवावे, त्याला पुरेसा यूपीएस द्यावा, रोजची कूटबद्ध प्रत क्लाउडवर पाठवावी आणि त्या प्रतीवरून यंत्रणा खरोखर उभी राहते का, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी करून पाहावे.