रक्तगट तपासणी : काचपट्टी की परीक्षानळी?

कोल्हापुरात एखाद्या तालमीच्या शिबिरात बोटाला सुई टोचून दोन-तीन मिनिटांत रक्तगट सांगितला जातो, तो बहुधा काचपट्टीवरचा असतो. रक्ताच्या तीन थेंबांत निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी (गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे सांगणारे) द्रावण मिसळून कोणत्या थेंबात गुठळ्या दिसतात, ते पाहिले जाते. (हे रक्त गोठणे नव्हे; तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, इतकेच.) पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, पण थेंब वाळू लागला की नसलेली गुठळी दिसू शकते आणि क्षीण प्रतिक्रिया निसटते.

परीक्षानळीच्या पद्धतीला सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारे यंत्र), वेळ आणि सरावलेला हात लागतो. तिचे खरे बळ उलट तपासणीत आहे : रुग्णाचा रक्तद्रव ज्ञात ए, बी आणि ओ पेशींबरोबर मिसळून त्यातील प्रतिपिंडे (अँटीबॉडी) ओळखली जातात, आणि पेशींच्या व रक्तद्रवाच्या तपासणीचे दोन्ही निष्कर्ष जुळल्याशिवाय गट नोंदवला जात नाही. 1952 मध्ये मुंबईत आढळलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या पेशींवर एच प्रतिजनही (ओ पेशींवरही असणारी ओळखखूण) नसते, त्यामुळे काचपट्टीवर तो सरळ ‘ओ’ भासतो. नळीत मात्र त्याचा रक्तद्रव ओ पेशींनाही चिकटवतो आणि बिंग फुटते. अशा रुग्णाला ओ रक्त देणे जिवावर बेतू शकते. म्हणूनच प्राथमिक अंदाजासाठी काचपट्टी चालेल. रक्त चढवण्यापूर्वी तिच्यावर विसंबणे मला मान्य नाही.

नवजात बाळात मात्र स्वतःची प्रतिपिंडे तयार झालेली नसल्याने उलट तपासणी निरुपयोगी ठरते.