बॉस्टनमधील एडवर्ड केनेडी इन्स्टिट्यूट: सिनेट उमगते, केनेडी अर्धेच भेटतात

एडवर्ड ऊर्फ टेड केनेडी १९६२ च्या पोटनिवडणुकीत मॅसॅच्युसेट्समधून अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर गेले आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४७ वर्षे, तिथेच राहिले. त्यांच्या नावाची ही संस्था २०१५ मध्ये डॉर्चेस्टरच्या समुद्रकाठी, थोरले बंधू जॉन केनेडी यांच्या ग्रंथालयाशेजारी सुरू झाली.

सिनेटच्या सभागृहाची मूळ मापाची प्रतिकृती हे इथले मुख्य आकर्षण आहे. वॉशिंग्टनमध्ये पाहुण्यांना गॅलरीतूनच कामकाज पाहावे लागते. इथे मात्र अर्धवर्तुळात मांडलेल्या शंभर मेजांपैकी एकावर बसून, सिनेटर होऊन विधेयकावर वाद घालता येतो आणि मतही देता येते. असे सत्र नसेल, तर हे सभागृह नुसते देखणे दालन ठरते, म्हणून सत्राची वेळ साधूनच जावे. केनेडींच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयाची प्रतिकृती मला अधिक भावली, कारण भिंतीवरच्या कौटुंबिक छायाचित्रांमुळे तिथे निदान एक माणूस जाणवतो.

संस्थेचा रोख मुळातच व्यक्तीपेक्षा सिनेटवर आहे, हे मान्य. तरीही १९६९ मध्ये चॅपाक्विडिक बेटावर केनेडींची मोटार पुलावरून पाण्यात कोसळून सोबत असलेल्या मेरी जो कोपेक्नी हिचा मृत्यू झाला, आणि त्यांनी सुमारे दहा तास पोलिसांना कळवले नाही, हे ठाऊक नसलेल्याला १९८० मध्ये तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न का फसला, याचे एक मोठे कारण उमगणार नाही. चरित्र हवे असेल, तर ते आधी वाचून यावे.

मराठी पाहुण्याने आणखी एक गोष्ट मनात ठेवून यावे. देशवार कोटा मोडीत काढणारा १९६५ चा स्थलांतर कायदा सिनेटमधून पार पाडण्याची धुरा तरुण केनेडींनी वाहिली, आणि आपल्याकडचे डॉक्टर-अभियंते पुढे मोठ्या संख्येने अमेरिकेत स्थायिक झाले, ते याच कायद्यामुळे. १९७१ मध्ये त्यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या भारतातील छावण्या स्वतः पाहिल्या आणि पाकिस्तानला पाठीशी घालणाऱ्या निक्सन सरकारवर कडक टीका केली.

लहान मुले इथे कंटाळतील. नववी-दहावीच्या पुढची मुले असतील, तर मात्र अवश्य न्यावे. बॉस्टन मेट्रोच्या रेड लाइनवरील जेएफके-यूमास स्थानकावर उतरणे सोयीचे पडते, आणि शेजारचे ग्रंथालयही त्याच दिवशी पाहून होते.